देणगी कुणाची, हेही सांगायला हवे

मा. संपादक,

अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरी या, बाप्टिस्ट ख्रिस्ती पंथाचे पाळक (धर्मोपदेशक) घडवणाऱ्या संस्थेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला, पण अर्धाच वाटला. १८५९ साली साउथ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे २६ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ही संस्था यादवी युद्धात बंद पडली आणि १८६५ मध्ये जेमतेम सात विद्यार्थ्यांवर पुन्हा उभी राहिली. उपदेशशास्त्राच्या वर्गात तेव्हा एकच विद्यार्थी होता, तोही अंध. प्रा. जॉन ब्रॉडस यांनी त्या एकासाठी केलेल्या तयारीतून १८७० चा त्यांचा ग्रंथ आकाराला आला आणि पुढे कित्येक पिढ्यांचे पाळक तो वाचून उपदेशाला उभे राहिले. लेखकाने हा प्रसंग रंगवून सांगितला आहे. सांगावा असाच तो आहे.

पण ही संस्था केवळ निष्ठेवर तगली नाही. १८७७ मध्ये ती केंटकीतील लुइव्हिलला हलली, तरी पैशांची चणचण संपेना. १८८० मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी ५०,००० डॉलर दिले आणि ती वाचली. ब्राउन यांच्या कोळसा खाणींत सरकारकडून भाड्याने घेतलेले कैदी राबत. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. गुलामगिरी कायद्याने संपून पंधरा वर्षे झाली होती. लेखात ब्राउन ‘उदार देणगीदार’ म्हणून एका ओळीत येऊन जातात, एवढेच.

हा काही विरोधकांनी उकरून काढलेला आरोप नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये सेमिनरीने स्वतःच ७१ पानी अहवाल प्रसिद्ध केला. बॉइस, ब्रॉडस, मॅनली आणि विल्यम्स या चारही संस्थापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. १९६१ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना भाषणाला बोलावले, तेव्हा देणगीदार बिथरले आणि विश्वस्तांनी खेद व्यक्त केला, हेही.

याच संस्थेत पूर्वी इतिहास तपासणे महागात पडले होते, हे आठवले की अहवालाचे मोल कळते. विल्यम व्हिटसिट हे तिथले अध्यक्ष आणि ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासाचे प्राध्यापक. बाप्टिस्टांची परंपरा थेट बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापर्यंत अखंड जाते, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. व्हिटसिट यांनी कागदपत्रे पाहून म्हटले, की इंग्लंडमधल्या बाप्टिस्टांनी पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणे सुरू केले ते १६४१ च्या सुमारास; म्हणजे ती परंपरा अखंड नव्हती. एवढ्यावरून गदारोळ माजला आणि १८९९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. लेखात त्यांचे नावही नाही.

अर्थात अहवालानंतर सारे निस्तरले, असेही नाही. २०२० मध्ये विश्वस्तांनी ब्राउन यांच्या नावाचे अध्यासन रद्द केले, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. इमारतींवरची संस्थापकांची नावे मात्र तशीच ठेवली. देणगीदाराचे नाव पुसणे सोपे गेले, संस्थापकांचे जड गेले. मला ही तडजोड पटत नाही, पण ती उघडपणे झाली हे मान्य.

लेखाचा दुसरा भाग येणार आहे, असे पुरवणीत म्हटले आहे. तो लिहिण्यापूर्वी लेखकाने हा अहवाल जरूर वाचावा. तो कुणालाही वाचायला खुला आहे.

– एक नियमित वाचक