जोडबंगल्याची मधली भिंत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, शेजारच्यांचा आवाज अडवायला मधल्या भिंतीला थर्माकोल चिकटवायचा बेत आधी रद्द करा. अंड्यांचे ट्रे आणि फोमच्या टाइल्सही नकोत. त्यांनी आपल्याच खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज येतच राहतो. थर्माकोलवर जिप्सम बोर्ड चिकटवला तर काही आवाज उलट वाढतात, कारण मधला तो थर स्प्रिंगसारखा हलतो.

आवाज अडवतं ते वजन. गावाकडच्या माळवदाच्या घरात दोन-अडीच फुटी दगडमातीची भिंत होती, म्हणून पलीकडचं काही कळायचं नाही. लातूरच्या घरात फ्रेमसाठी भोक पाडताना प्लास्टरच्या आतून पांढरी भुकटी पडली म्हणालात, म्हणजे भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची आहे. विटेची असती तर लाल पडली असती. हा ब्लॉक घनमीटरला साधारण 550 ते 650 किलो भरतो, वीट त्याच्या जवळपास तिप्पट. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर आवाज पाच-सहा डेसिबलनं (आवाज मोजायचं माप) उतरतो आणि कानाला तो निम्मा वाटायला दहा डेसिबल उतरावा लागतो. म्हणून नुसता प्लास्टरचा आणखी एक थर देऊन फारसं काही हाती लागत नाही.

खर्च करण्याआधी आवाज कुठून येतो ते शोधा. रात्री पंखे बंद करून शेजारच्यांना त्यांच्या हॉलमध्ये मोबाइलवर बातम्या लावायला सांगा. तुम्ही भिंतीला कान लावून फिरा: स्विचबोर्डांपाशी, बीमच्या खाली, खिडकीकडच्या कोपऱ्यात. जिथे शब्द अचानक स्पष्ट होतात तिथे फट आहे. मग त्यांना मिक्सर लावायला सांगा. भिंतीवर तळहात ठेवल्यावर थरथर जाणवली तर तो आवाज बांधकामातून येतोय, आणि त्याला फटी बुजवून उपयोग नाही.

सगळ्यात वाईट फट बहुधा स्विचबोर्डाची निघते. भिंत चार इंची, दोन्ही बाजूंनी समोरासमोर दोन-दोन इंच खोल डबे बसवले की मध्ये उरतं काय? नुसता पत्रा. एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) बंद करून इलेक्ट्रिशियनकडून आपल्या बाजूचा डबा फूट-दीड फूट सरकवून घ्या आणि जुनी खाच ब्लॉकचे तुकडे आणि सिमेंटच्या मसाल्यानं ठासून भरून घ्या. पाइपाचं तोंड आग न धरणाऱ्या सीलंटनं बंद करायचं. तिथे चिंध्या किंवा फवाऱ्याचा फोम अजिबात नको, वायर तापते.

दुसरी जागा बीमच्या खालची. एएसी ब्लॉक वाळताना आकसतो, त्यात आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिथे पुट्टी किंवा सिमेंट भरलं तर पुढच्या वर्षी तीच भेग पुन्हा दिसणार. इंचभर खोल खरवडून धूळ झाडा, आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) दाबून भरा आणि वरून 10 मिमी लवचीक अॅक्रिलिक सीलंट. हे काम मे महिन्यात करा. तेव्हा भेग सगळ्यात रुंद असते. पावसाळ्यात भरलेला सीलंट उन्हाळ्यात ताणून फाटतो.

आता थरथरीचं. आई, शेंगदाण्याचं कूट आणि येसर सकाळी सहाला होतं, आणि ओट्याचा कडप्पा सामाईक भिंतीतच रोवलेला आहे. म्हणजे पलीकडे झोपलेल्यांच्या उशाशीच मिक्सर लागतो. मिक्सर दुसऱ्या भिंतीकडे ने, खाली जाड रबरी मॅट घाल. टीव्हीचा ब्रॅकेटही त्या भिंतीवरून काढा. बाबा, तुम्हाला वायरलेस हेडफोन पाठवते. आवाज त्यात हवा तेवढा वाढवा.

नळाला पाणी आलं की मोटार रात्रीबेरात्री चालते, ती तर सगळ्यांत त्रासाची. तिचे बोल्ट जमिनीत नकोत. दोन फूट बाय दीड फुटाची जाड फरशी घ्या, खाली चारी कोपऱ्यांना 20 मिमी रबर ठेवा आणि मोटार त्या फरशीला बांधा. वर जाणाऱ्या पाइपात मोटारीजवळ फूटभर लवचीक होज टाका. हौदाकडच्या बाजूला नको, ओढीनं तो चपटा होतो आणि मोटार हवा धरते. पाइपाचे क्लॅम्प रबर लावलेले हवेत. हे दोन्ही घरांनी केलं तरच फरक पडतो, म्हणून प्लंबर एकदाच बोलवा.

एवढ्यानंतरही झोपायच्या खोलीत बोलणं ऐकू आलं तर अस्तराची भिंत करू. भिंतीपासून 15 मिमी सोडून 50 मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) चौकट, आत 50 मिमी रॉकवूल (घनमीटरला 48 किलो घनतेचं), वर 12.5 मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. खोली साधारण चार इंच लहान होते. बारा बाय दहा फुटांच्या भिंतीला सहा बाय चारचे दहा बोर्ड लागतात, एक जादा आणा. चौकट स्लॅबला आणि जमिनीला बांधायची, मधल्या भिंतीला एकही स्क्रू नाही. कारागीर हमखास मारतात, कारण चौकट हलते असं त्यांना वाटतं, आणि त्या स्क्रूवाटे आवाज पुन्हा पलीकडून इकडे येतो. कडेला चारी बाजूंनी 5 मिमी फट ठेवून सीलंट भरायचा. पैसे देण्याआधी एवढं तपासाच.

बिल्डरला पत्र मात्र फोडाफोडी सुरू करण्याआधी जायला हवं. करारावर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा क्रमांक आहे. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाचा दोष कळवला तर तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. पत्रात नुसतं ‘आवाज येतो’ लिहू नका. ‘स्विचबोर्डाचे डबे समोरासमोर, मागे भरणी नाही, बीमखालचा सांधा मोकळा’ असं मोघम न ठेवता लिहा, मोजपट्टी धरून काढलेले फोटो जोडा आणि स्पीड पोस्टानं पाठवा. शेजारच्यांचीही सही घ्या. दोष त्यांच्या बाजूलाही तोच आहे.

तुमची लेक