डरहमच्या वखारीतून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही. आईला मी काय जेवले ते हवं असतं, बाबांना व्हिसाचं कुठवर आलं ते, आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहून पाठवतेय. बाबांनी चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि मधल्या ओळी गाळू नयेत. त्यांच्याविषयी थोडी तक्रार आहे, ती मधेच येईल.

मी राहते ते डरहम म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनातलं आपलं निपाणीच. गावच तंबाखूवर उभं राहिलेलं. इथल्या ड्यूक घराण्यातल्या जेम्स ड्यूकनं सिगारेटी वळायची मशीन आणली आणि 1890 मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी काढून देशभरचा बाजार ताब्यात घेतला. कंपनीनं इथला कारखाना 1987 मध्ये बंद केला. लाल विटांच्या त्या अवाढव्य इमारती पुढं बरीच वर्षं ओस पडून होत्या. 2004 पासून तिथं ऑफिसं आणि हॉटेलं आली. पाण्याच्या टाकीवर मात्र सिगारेटच्या छापाचं नाव अजून तसंच आहे, ‘लकी स्ट्राइक’. त्या टाकीखालच्या हिरवळीवर उन्हाळ्यात संध्याकाळी गाण्याचे कार्यक्रम होतात. तिकीट नाही. घडीच्या खुर्च्या, चटया, पोरंबाळं घेऊन लोक येतात. साडेआठपर्यंत उजेड असतो. कोण कधी ऐकतंय, कोण खातंय, पण टाळ्या वेळेवर पडतात.

तिथं जास्त करून ब्लूज आणि तशीच जुनी, मातीतली गाणी असतात. ब्लूज म्हणजे इथल्या काळ्या लोकांचं गाणं. गुलामी संपली तरी कष्ट संपले नव्हते, त्या काळात शेतांतून आणि रेल्वेच्या कामांवरून वर आलेलं. बांधणी अगदी साधी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणताना गाणाऱ्याला पुढचं जुळवायला सवड मिळते. आई, आज्जी तंबाखूच्या वखारीत चाळताना हेच करायची की नाही? ‘भोंगा झाला गं वखारीचा, भाकर राहिली हाती’ हे दोनदा म्हणायची आणि तोवर पुढची ओळ तयार.

एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ एकटेच गिटार घेऊन बसले होते. मी अगदी पुढं होते म्हणून त्यांचा हात नीट दिसला. अंगठा जाड तारांवर एकसारखा खालीवर ठेका धरून चाललेला, आणि त्याच हाताची बाकीची बोटं वरच्या तारांवर गाणं वाजवतायत. अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं. डोळे मिटले की पेटीवाला आणि मृदंगवाला असे दोघं बसलेत असं वाटावं. आपल्या देवळातल्या भजनात बाबांना गेली कित्येक वर्षं मृदंगवाला वेळेवर येत नाही म्हणून जो त्रास आहे, तो या माणसाला नाही. या भागातल्या ब्लूजची ही खास तऱ्हा. तिला पीडमाँट म्हणतात, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या या पट्ट्यावरून.

आणि ही तऱ्हा वाढली कुठं, तर तंबाखूच्या वखारींच्या दारात. माल विकला गेला की शेतकऱ्याच्या खिशात रोख पैसा, आणि कारखान्यांत पगार. हे बघून वादक डरहमला यायचे आणि दाराशी बसून वाजवायचे. त्यातले दोघं फार मोठे, दोघंही आंधळे: ब्लाइंड बॉय फुलर आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस. 1935 मध्ये इथल्या एका दुकानाचा मॅनेजर त्यांना रेकॉर्डिंगसाठी न्यूयॉर्कला घेऊन गेला. फुलरनं पुढच्या पाच वर्षांत शंभरावर गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1941 मध्ये तो गेला, वय चाळिशीच्या आतच. रेकॉर्डी खपल्या, पण त्याच्या हातात पडले ते एकदाच ठरवून दिलेले पैसे. तंबाखूच्या भावाचं आपल्याला काय वेगळं माहीत आहे? 1981 साली निपाणीत शेतकरी हमरस्त्यावर बसले होते ते उगाच नाही.

दाराबाहेरचं गाणं रेकॉर्डवर तरी आलं. आतल्या बायकांचं त्यामानानं फारच थोडं आलं. इथंही पानाची मधली शीर काढायचं काम काळ्या बायकांकडं असायचं. सिगारेटी वळायच्या स्वच्छ खोलीत गोऱ्या बायका, धुळीत या. आणि त्या धुळीत त्या एकत्र गायच्या, बहुतेक देवाची गाणी. हे वाचलं आणि आज्जीचं चाळणीवर बसणं आठवलं, डोक्याला फडकं, नाकातोंडावर पदर. डबा घेऊन गेलं की आपल्याला दारातच ठसका लागायचा आणि आतून त्यांचा आवाज यायचा, एक ओळ मराठी, एक कानडी.

आता बाबा, तक्रार. तुम्ही आल्यागेल्याला अभिमानानं सांगता की कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. आणि आज्जी गुणगुणायला लागली की म्हणायचात, ‘हिची वखार सुरू झाली.’ दारात जोगतीण चौंडकं घेऊन आली तरी तुम्ही रेडिओ मोठा करायचात. पण कुमारांनी काय केलं? 1948 मध्ये क्षयाच्या दुखण्यात देवासला गेले, तिथं बायकांची माळव्यातली गाणी ऐकली आणि त्या धुनांमधून राग उभे केले. त्यांना जे गाणं वाटलं, ते आपल्या घरात आवाज ठरत होतं. रागावू नका, पण मला हे बरीच वर्षं म्हणायचं होतं.

इथून जवळच मेबन म्हणून गाव आहे. तिथं जो थॉम्पसन नावाचे फिडल वाजवणारे म्हातारे कलाकार होते, व्हायोलिनच ते, पण नाचाच्या चालीवर वाजवायचं. 2005 मध्ये तीन तरुण मुलं त्यांच्या घरी जाऊन बसू लागली, त्यांच्याबरोबर वाजवून शिकू लागली. पुढं त्यांच्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. जो 2012 मध्ये गेले. ती मुलं थोडी उशिरा गेली असती तर त्या चाली जो यांच्या शेजारी बसून शिकायला मिळाल्या नसत्या.

म्हणून माझं एक काम करायचं. आज्जी तर गेली, पण गल्लीत तिच्याबरोबरच्या तीन-चार अक्का अजून आहेत, आणि आई, तुला स्वतःला बरंच येतं. दुपारी चहाला बोलवा. फोन मधे ताटलीवर ठेवा, पंखा बंद करा, टीव्ही तर नक्कीच. ‘गाणं म्हणा’ म्हणालात तर त्या लाजून ‘आम्हाला कुठं येतंय’ म्हणतील. त्याऐवजी आईनं एखादी ओळ चुकीची म्हणायची. दुरुस्त केल्याशिवाय त्या राहणारच नाहीत. मधेच हसणं, खोकणं, सुनेची गाऱ्हाणी आली तरी फोन बंद करायचा नाही. बाबांनी एका वहीत लिहायचं: कुणी म्हटलं, कुठल्या कामाला म्हणायच्या, कापणीला की चाळताना. कानडी ओळ आली की तिच्याखाली अर्थ.

आणि हे फुकट घ्यायचं नाही. फुलरचं झालं ते पुरे. दर बैठकीला प्रत्येकीच्या हातात पाकीट द्यायचं, पैसे मी दादाच्या खात्यात टाकतेय. कुणी नको म्हटलं तर बाबांनी सांगावं, हा गाण्याचा पगार आहे. कुणाचं गाणं बाहेर कुणाला ऐकवायचं झालं तर आधी तिला विचारायचं, नाही म्हणाली तर ते घरातच राहील.

व्हिसाचं काम मार्गी लागलं तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इथं असाल. हिरवळीवर आईला खाली बसता येणार नाही म्हणून पाठ टेकायची खुर्ची आत्ताच घेऊन ठेवलीय. बाबा, तुम्हाला त्या अंगठ्याच्या ठेक्याजवळ बसवीन.

तुमची,
धाकटी

ता. क. दादाच्या फोनमध्ये जागा नसते. लग्नाचे जुने व्हिडिओ त्याला आधी काढायला लावा, मग अक्कांना बोलवा.