मेनान्द्रोस ते मिलिंद: तुझ्या नावाविषयी

चि. मिलिंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलेस की, तुमच्या ऑफिसातल्या ग्रीक सहकाऱ्याने तुझ्या नावाचा अर्थ विचारला आणि तू ‘भुंगा’ असे सांगून मोकळा झालास. त्यात तुझी चूक नाही. चौथीत ‘माझे नाव’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या, तेव्हा घाईघाईत मीच तुला हा अर्थ सांगितला होता आणि तू वहीत कमळावर बसलेला भलामोठा भुंगा रंगवला होतास. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर हे खरेच आहे. पण आम्ही तुझे नाव भुंग्यावरून ठेवलेले नाही. ते मूळचे ग्रीकच आहे, आणि नेमक्या एका ग्रीक माणसालाच तू ते नीट सांगू शकला नाहीस, याची मला जरा चुटपुट लागली, म्हणून हे पत्र.

मूळ नाव मेनान्द्रोस. त्याचा उत्तरार्ध ग्रीक भाषेतल्या पुरुषवाचक शब्दाचा आहे. तोच शब्द अलेक्झांडर आणि आंद्रेआस या नावांतही सापडतो आणि आपल्या ‘नर’ शब्दाशी त्याचे सख्खे नाते आहे. पूर्वार्ध टिकून राहणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला असे काही जण मानतात, तर काही जण तो जोम किंवा आवेश या अर्थाच्या नामाशी जोडतात. मला पहिला अर्थ आवडतो: ठाम उभा राहणारा पुरुष.

या नावाचा युरोपात सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये होऊन गेलेला नाटककार. त्याने शंभराहून अधिक सुखात्मिका लिहिल्या; रोमन नाटककार टेरेन्सच्या सहा नाटकांपैकी चार त्याच्याच नाटकांवर बेतलेली आहेत. पुढे मात्र मूळ नाटके नाहीशी झाली, आणि ‘डिस्कोलोस’ हे जवळजवळ संपूर्ण नाटक इजिप्तमधल्या पपायरसावरून 1958 मध्ये छापले जाईपर्यंत लोक त्याला अवतरणांतून आणि तुकड्यांतूनच ओळखत होते. सहाव्या शतकातला एक बायझंटाइन इतिहासकारही याच नावाचा होता, पण त्याच्यापाशी थांबायचे कारण नाही.

तुझा मेनान्द्रोस निराळा. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यास वायव्य भारतावर आणि पंजाबवर राज्य करणारा यवन, म्हणजे ग्रीक, राजा; त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट. अलेक्झांडरपेक्षाही अधिक जनसमूह जिंकणाऱ्या यवन राजांमध्ये ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो त्याचे नाव घेतो. पतंजलीने व्याकरण शिकवताना ‘अरुणद् यवनः साकेतम्’, म्हणजे यवनाने साकेताला (अयोध्येला) वेढा घातला, असे उदाहरण दिले आहे. तो यवन हाच असावा, असे अनेक अभ्यासक समजतात. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनीही त्याची नाणी भडोचच्या बाजारात दिसत होती, अशी नोंद एका ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शिकेत आहे.

त्याच्या चांदीच्या एका नाण्याचा मोठा केलेला फोटो सोबत ठेवला आहे, तो नीट पाहा. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे: ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’. दुसऱ्या बाजूला वज्र उगारलेली अथीना देवी आणि उजवीकडून डावीकडे वाचायच्या खरोष्ठी लिपीत तेच शब्द प्राकृतात: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे त्राता महाराज मेनंद्र याचे. शेवटचा ‘स’ षष्ठीचा आहे. आपल्या ‘रामास’, ‘मुलास’ यांतला ‘स’ याच प्राकृत प्रत्ययापासून आला, असे भाषेचे बरेच अभ्यासक मानतात. या पत्राच्या पहिल्या ओळीत तुझ्या नावाला जे शेपूट लावले आहे, ते त्या नाण्यावरही आहे!

पालीत या नावाचे ‘मिलिंद’ झाले. ‘न’च्या जागी ‘ल’ आला याचे नवल वाटू देऊ नकोस. आपणही निंबाला लिंब म्हणतो आणि उलट लांगलाचा नांगर करतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हा राजा नागसेन नावाच्या भिक्षूला प्रश्नावर प्रश्न विचारतो, आणि त्याचा पहिलाच प्रश्न असा आहे की, भदंत, आपले नाव काय? भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात, पण ती नुसती संज्ञा आहे, त्या नावाची कोणी व्यक्ती तेथे सापडत नाही. राजा त्याला कोंडीत पकडू पाहतो: मग केस म्हणजे नागसेन काय? नखे? दात? त्यावर भिक्षू उलट विचारतो, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? रथाने आलो, असे राजा सांगतो. तर मग दांडी म्हणजे रथ काय? आस? चाके? शेवटी राजालाच कबूल करावे लागते की, या सगळ्या भागांमुळे ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. भर सभेत झालेली ही माघार तो राजा मोकळेपणाने घेतो, आणि म्हणूनच मला तो लढाया जिंकणाऱ्या मेनान्द्रोसापेक्षा थोर वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला: विचारणारा आणि सांगणारा असे दोघेही एकाच आवारात. मी तिथे चार वर्षे काढली, नागसेनवनातल्या झाडांखाली बसून परीक्षेचा अभ्यास केला, आणि तू झालास तेव्हा दुसरे नाव माझ्या मनातच आले नाही. तुझ्या आजीला मात्र बाळाचे नाव ‘म’वरून हवे होते, एवढ्यावरच ती खूश झाली.

आता एक काम कर. त्या सहकाऱ्याला त्याच्या उच्चारात ‘मेनान्द्रोस’ म्हणायला सांग आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठव; ग्रीक लोक आघात पहिल्या अक्षरावर देतात असे मी वाचले आहे, आणि तुझ्या आईला ते ऐकायचे आहे.

तुझे,
बाबा