डावखुऱ्या कासुमीची आठवण

संपादक महोदय,

ऑलिम्पिकमध्ये एकेरीचे पदक हुकले की त्या खेळाडूचे नाव आपण चार दिवसांत विसरतो. म्हणून जपानची टेबल टेनिसपटू कासुमी इशिकावा हिच्याबद्दल लिहावेसे वाटले. २०२३ मध्ये तिने निवृत्ती घेतली, तेव्हा आपल्याकडे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

आई-वडील दोघेही टेबल टेनिस खेळणारे, आणि पहिले धडे आईकडूनच मिळालेले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये एकेरीत ती चौथी आली. त्याच स्पर्धेत फुकुहारा आणि हिरानो यांच्यासोबत सांघिक रौप्य जिंकले. टेबल टेनिसमधले जपानचे ते पहिले ऑलिम्पिक पदक! २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मात्र एकेरीच्या पहिल्याच लढतीत पायात गोळा आला, धड उभेही राहवेना. ती हरली. पण काही दिवसांतच सांघिक कांस्यपदकासाठी पुन्हा टेबलापाशी हजर. मला ती मुलगी तिथे खरी कळली.

पुढे मिमा इतोसारख्या तरुण मुली आल्या आणि इशिकावा संपली, असेच अनेकांना वाटले. जानेवारी २०२१ मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत समोर इतोच होती. ३-१ ने मागे पडूनही इशिकावाने ४-३ असा सामना काढला. पाच वर्षांनी मिळालेले हे तिचे पाचवे विजेतेपद.

अशा कारकिर्दींवर आपल्या क्रीडापानावर सविस्तर लेख यावेत, ही कळकळीची विनंती. शाळेच्या टेबलावर खेळणाऱ्या आपल्या मुलींनी ते वाचायला हवेत.

– एक वाचक, ठाणे