शिबिराच्या जागेची विक्री : रविवारी बैठक

सर्व माजी शिबिरार्थी आणि स्वयंसेवकांना,

विश्वस्त मंडळाने उन्हाळी शिबिराची जागा विकायचा ठराव केलाय. तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ही विक्री वैध ठरत नाही. तिथेच आपण हरकत घेणार आहोत. हरकत लेखी हवी, सहीनिशी. ग्रुपवर अंगठे दाखवून भागणार नाही.

रविवारी सकाळी १० वाजता शिबिराच्या स्वयंपाकघरामागे आंब्याखाली जमू. जुनी शिबिरपत्रकं, देणगीच्या पावत्या, फोटो, असेल ते आणा. विहिरीचा गाळ काढतानाचे फोटो कुणाकडे असतील तर ते आधी शोधा. सातबारा काढून ठेवलाय.

विश्वस्तांना फोन करून भांडू नका, त्यातले दोघे आपल्या बाजूचे आहेत. आणि कैऱ्यांना हात लावू नका, झाडं ठेक्याने दिलेली आहेत.