उन्हाचं पेव

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात घरावरच्या सोलरबद्दल पानभर माहिती आली होती, चांगली होती, कात्रण काढून ठेवलंय, पण शेवटी गाडी नेहमीच्याच ठिकाणी येऊन थांबली की रात्रीसाठी बॅटरी लागते आणि बॅटरी परवडत नाही. झालं, विषय संपला. आता साठवण म्हणजे बॅटरीच हे कुणी ठरवलं हो? आम्ही हरिपूरची माणसं. आमच्याकडं हळद पेवात साठवायचे, जमिनीत पंधरा-वीस फूट खोल खड्डा, आत पाला-पाचट, तोंड मातीनं बंद, की हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. आत हवाच नाही तर कीड जगणार कशी, पेव उघडलं तरी माणूस लगेच आत उतरवत नसत, गुदमरायचा. २००५ च्या महापुरानं बरीच पेवं गेली आणि आता सगळं कोल्ड स्टोरेजला जातं, ते असू दे.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो फिनलंडला वासा म्हणून समुद्रकाठचं शहर आहे तिथं नोकरीला असतो, हिवाळ्यात समुद्रच गोठतो म्हणतो. तिथं बंदराजवळ खडकाच्या पोटात जुन्या तेलसाठ्याच्या गुहा होत्या, रिकाम्या पडलेल्या, त्यात आता २०२० पासून गरम पाणी साठवतात, सुमारे २१ कोटी लिटर. वारा सुटला आणि वीज स्वस्त झाली की पाणी तापवायचं, थंडी कडाडली की त्याची ऊब पाइपातून घरोघरी सोडायची. व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं आणि मी म्हणालो, अरे हे तर पेव! मग नाद लागला आणि महिनाभर तेच वाचत बसलो, घरचे वैतागले.

त्याच देशात कान्कानपा म्हणून गाव आहे, तिथं २०२२ साली पत्र्याच्या टाकीत १०० टन वाळू भरली आणि ती विजेच्या हीटरनं ५००-६०० डिग्रीपर्यंत तापवतात. त्या वाळूत ८ हजार युनिट ऊब मावते, युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलंच. (वाळू म्हटलं की आपल्याकडं आधी तहसीलदार आठवतो, पण तिथं घरबांधणीची चांगली वाळूच पाहिजे असं काही नाही.) पुढं २०२५ ला पोर्नाइनेन गावात त्याहून मोठी केली, २ हजार टन दगडाचा चुरा, तोसुद्धा शेकोट्या बनवणाऱ्या कारखान्याचा उरलेला माल, आणि त्यात १ लाख युनिट ऊब. ही ऊब परत वीज करून वापरत नाहीत बरं का, तसं केलं तर निम्म्याहून जास्त वाया जाते, म्हणून ऊब ऊब म्हणूनच वापरायची. मला वाटतं सगळी गोम इथंच आहे. शेवटी पाहिजे काय ते आधी बघायचं आणि तेच साठवायचं, मधे वीज कशाला आणायची.

डेन्मार्कचं तर आपल्या शेतकऱ्याला एका मिनिटात कळेल. एअरो नावाचं बेट, त्यावर मार्स्टल गाव, तिथं साडेसात कोटी लिटरचं शेततळं आहे, अक्षरशः शेततळं, आपण घालतो तसला प्लास्टिकचा कागद घातलेलं, फक्त वर तरंगतं झाकण आहे जाडजूड. उन्हाळ्यातल्या उन्हावर पाणी तापवून त्यात भरायचं आणि हिवाळ्यात वापरायचं. आणि मालक कोण, तर ज्यांच्या घरात ते पाइप जातात तीच माणसं, म्हणजे सोसायटीच. ओल शिरून झाकण खराब झालं, बदलावं लागलं, म्हणजे तिथंही सगळं गोडगोड नाही.

अलास्कात कोडियाक बेटावर तर बंदरातली क्रेन कंटेनर उचलायला लागली की एकदम वीज ओढायची, अख्ख्या बेटाची लाइट हलायची, म्हणून तिथल्या वीज सोसायटीनं २०१५ मध्ये दोन भली मोठी फ्लायव्हील बसवली, म्हणजे फिरण्यात जोर साठवून ठेवणारी जड चाकं. आमच्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं चाक आठवा, हँडल सोडलं तरी फिरत राहायचं, तेच तत्त्व.

आता तुम्ही म्हणाल, सांगलीत ऊब साठवून करायचं काय, एप्रिलात इथं माणूसच भाजतो. बरोबर आहे. आपल्याला गारवा साठवायचाय! तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातला बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो कारण उन्हाळ्यात बाहेर राहिला तर काळा पडतो आणि दर पडतो. आणि गंमत बघा, गारवा सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच ऊनही सगळ्यात जास्त असतं, मार्च ते मे. दुपारी सोलरवर पाण्याचा बर्फ करून ठेवायचा, रात्री त्याच बर्फावर खोली गार ठेवायची. एक टन बर्फात साधारण ९३ युनिट गारवा असतो आणि तो करायला कॉम्प्रेसरला त्याच्या निम्मी किंवा तिसरा हिस्साच वीज लागते. पाणी आहे ते, ना आग लागते ना दहा वर्षांनी भंगारात घालावं लागतं. दुधाचंही तसंच, संध्याकाळचं दूध येतं तेव्हा सूर्य बुडालेला असतो, पण हजार लिटर धारोष्ण दूध ४ डिग्रीला आणायला चारशे किलोच्या आसपास बर्फ पुरतो. तो दुपारी करून ठेवला की झालं. असे बर्फाच्या टाकीवाले कूलर मिळतात, नवीन शोध नाही, मग गावोगावच्या दूध संस्थांत ते का दिसत नाहीत?

आणि हे एकट्यानं करायचं काम नाही. टाकीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आत माल आठपट मावतो आणि बाहेरचा पृष्ठभाग चौपटच वाढतो, म्हणजे मोठ्या साठ्यातनं ऊब किंवा गारवा कमी गळतो. घरोघरी छोटे डबे ठेवण्यापेक्षा गावाचं एक पेव बरं ते यामुळं.

खरी अडचण यंत्राची नाहीच. स्कॉटलंडजवळ एग नावाचं शंभरेक माणसांचं बेट आहे, आधी घरोघरी डिझेल जनरेटर, २००८ पासून पाणी-वारा-ऊन आणि बॅटरी असं गावाचं स्वतःचं वीज मंडळ. तिथं नियम एक, घराला ५ किलोवॅट, धंद्याला १०, त्याच्या वर एकाच वेळी कुणी ओढायचं नाही. वीज जास्त झाली की गावाचा हॉल गरम करतात. आता आमच्या डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर या. पंपाची मोटार मंजूर ५ एचपी, बसवलेली साडेसात, आणि ऑटो स्विच सगळ्यांचा चालू, लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळतो. मागच्या उन्हाळ्यात १४ दिवस बाग पाण्याविना होती. त्या साडेसातवाल्यांत मीही एक आहे, खोटं कशाला बोलू.

सहकारी वीज म्हटलं की जाणकार लगेच नगर जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा वीज संस्थेचं नाव काढतात, थकबाकी झाली आणि २०११ ला वीजवाटप हातातनं गेलं. मान्य आहे. पण तिथं गावोगाव तारा ओढून वीज वाटायची होती, इथं मी फक्त दूध संस्थेच्या आवारात एक टाकी आणि छपरावर पॅनेल मागतोय, संस्था आहे, हिशेब आहे, दर दहा दिवसाला दुधाचं बिल निघतंच. साताऱ्याकडं पाटण तालुक्यात मान्याचीवाडीनं अख्खं गाव सोलरवर आणून दाखवलंच की, ते काही डेन्मार्क नाही. आपल्याकडं घोषणांचं पेव फुटतं ते वेगळं.

तर विनंती एवढीच, तुमच्या तालुका वार्ताहरांना सांगून दोन गोष्टी छापा. एक, जिल्ह्यात किती दूध संस्थांकडं बर्फाच्या टाकीचा कूलर आहे. दुसरं, बेदाण्याच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजचं मे महिन्याचं लाइट बिल, दिवसाचे युनिट वेगळे आणि रात्रीचे वेगळे. रात्रीचा आकडा हातात आला की टाकी किती मोठी लागेल ते मी वहीच्या मागच्या पानावर काढून देतो.

आपला,
एक हळद-बेदाणावाला वाचक
हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली