मांजर रात्री लंगडत आलं, तर फोन कुणाला करायचा?

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच मांडते. पाळीव प्राणी जखमी झाला तर दिवसा-रात्री कधीही पशुवैद्याशी बोलता येईल, असा एक सरकारी फोन क्रमांक सुरू करा. आणि पलीकडून "थांबू नका, आत्ता निघा" असं उत्तर आलं तर जिथे जाता येईल, असा निदान एक दवाखाना प्रत्येक जिल्ह्यात रात्रभर उघडा ठेवा.

ही मागणी मी मांजराच्या पायावरून करते आहे. साथीचे रोग, लसीकरण, चाराटंचाई असे विषय आपल्यासमोर रोज येतात. त्यांच्यापुढे हा किरकोळ वाटेल. पण मांजराचा पाय फार फसवा असतो. मालकाला लंगडणारा पाय दिसतो, बिघाड मात्र नखात, हाडात, छातीत, अगदी हृदयातही असू शकतो. आणि तो कुठे आहे यावर रात्र घरी काढायची की तसंच धावत सुटायचं, हे ठरतं.

संध्याकाळपर्यंत उड्या मारणारं मांजर रात्री घरात येतं ते तीन पायांवर, चौथा उचलून धरलेला. हात लावायला जावं तर गुरगुरतं, नाही लावला तर पलंगाखाली जाऊन बसतं. मांजरं तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त हिंडतात. त्यामुळे भांडणं, पडणं, गाडीखाली सापडणं अशा वेळी आपल्या लक्षात येतं, जेव्हा दवाखाने बंद असतात. त्यात मांजर दुखणं लपवतं. कुत्रं विव्हळतं, मांजर गप्प होतं, अंग चोरतं, खाणं सोडतं. ते बरं आहे म्हणून शांत आहे की दुखतंय म्हणून, हे ओळखणं अवघड असतं. त्यासाठी मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत तयार केली. ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. 10 पैकी 4 किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजायचं. फोनवरच्या पशुवैद्याने नीट विचारलं तर मालक हे काही मिनिटांत सांगू शकेल.

पुष्कळदा कारण साधंच निघतं. नख मुळातून तुटलेलं, पंजाच्या गादीत काटा किंवा काच, उडी चुकून मुरगळलेला पाय. बाहेर हिंडणाऱ्या बोक्यांच्या बाबतीत तर बऱ्याच वेळा भांडणच. दुसऱ्या मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते खोल रुततात, वरची भोकं पटकन मिटतात आणि जंतू आत कोंडले जातात. दोन-चार दिवसांनी पाय सुजतो, ताप येतो, गळू होतं. केसांमुळे जखम दिसतच नाही. "कालपर्यंत बरं होतं, आज अचानक लंगडायला लागलं" असं मालक सांगतात, त्यामागे अनेकदा हेच असतं. श्वास नीट चालू असेल, मांजर सावध असेल, तर अशा वेळी सहसा सकाळपर्यंत थांबता येतं. हे कुणी जाणकाराने सांगितलं तर घाबरलेलं घर शांत होतं आणि दुखणाऱ्या जिवाला उगाच मध्यरात्री पिंजऱ्यात कोंबावं लागत नाही.

याच लंगडण्याचं दुसरं टोक मात्र भयानक आहे. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडतात. मांजर जिवाच्या आकांताने ओरडतं, धापा टाकतं. मागचे पंजे हाताला गार लागतात, पंजाखालची गादी फिकट किंवा निळसर दिसते. घरच्यांना वाटतं, कुठून तरी पडलं, कंबर मोडली. प्रत्यक्षात हृदयाच्या आजारामुळे आत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून महाधमनीच्या शेवटच्या फाट्याशी अडकलेली असते आणि मागच्या पायांचा रक्तपुरवठाच थांबलेला असतो. यातल्या कितीतरी मांजरांना हृदयविकार आहे हे तोवर कुणाला माहीतही नसतं. अशा वेळी पाय चोळून किंवा शेकून काही होत नाही, उलट इजाच व्हायची. गरज असते ती प्रभावी वेदनाशामकाची, लागला तर प्राणवायूची, आणि मालकाशी स्पष्ट बोलणाऱ्या डॉक्टरची. कारण बरीच मांजरं यातून वाचत नाहीत आणि काहींना वेदनेतून शांतपणे सोडवणं हाच दयेचा मार्ग उरतो. आमच्या शेजारच्या घरात मी हे पाहिलं आहे. त्या रात्री लावलेल्यांपैकी एकही फोन उचलला गेला नाही. मांजर वाचलं असतं असा माझा दावा नाही. त्याने दवाखाना उघडायची वाट पाहत रात्रभर तडफडायला नको होतं, एवढंच मी म्हणते.

उंचावरून पडलेल्या मांजराचंही असंच. न्यूयॉर्कमध्ये अशा 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. पायाचं हाड मोडलेली मांजरं त्यात 39 टक्के होती. छातीला काही ना काही इजा झालेली होती 90 टक्के! उपचार मिळालेल्यांपैकी 90 टक्के वाचली. म्हणजे वाचवता येतात, पण पाहणाऱ्याला पायाच्या आधी छाती पाहायचं सुचलं पाहिजे. मोडलेला पाय डोळ्यांना दिसतो आणि सगळं लक्ष खेचून घेतो. फुप्फुसाभोवती साठत चाललेली हवा दिसत नाही. मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर पायाचा विचार नंतर. हे दोन प्रश्न फोनवर विचारायला एक मिनिटही पुरतं.

सगळ्यात जास्त धास्ती मला वाटते ती घरातल्या औषधांच्या डब्याची. रात्र आहे, डॉक्टर नाही, मांजर कळवळतंय. मायेचा माणूस काय करतो? आपल्याला चालते ती वेदनेची गोळी मांजरासाठी तुकडा करून देतो. पॅरासिटामॉल हे मांजरासाठी विष आहे. माणसाचं यकृत ज्या प्रक्रियेने ते निकामी करून बाहेर टाकतं, ती प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. मग रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच कामाचा, आणि पुन्हा तोच प्रश्न: रात्री तो देणार कोण? आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही मांजराच्या मूत्रपिंडावर आणि पोटावर उठतात. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक मांजरांना देतात, पण वजन, मूत्रपिंडाची स्थिती, अंगातलं पाणी बघून, पशुवैद्याच्याच हातून. गोळ्यांच्या वेष्टनावर "मांजराला देऊ नये" असं छापून घ्यायचं तर आपल्याला आरोग्य खात्याशी बोलावं लागेल. ते जरूर बोला. पण त्याला वेळ लागेल, आणि "गोळी देऊ नका" हे तीन शब्द फोनवरून पहिल्याच रात्री सांगता येतील.

फोनवरून आणखीही बरंच सांगता येईल. पायाला घरच्या घरी काठी बांधू नका. त्याने मोडलेलं हाड आणखी हलतं आणि धडपडीत मांजर जास्त दमतं. टॉवेलमध्ये अलगद गुंडाळून पेटीत ठेवा, पेटी वरून उघडणारी असेल तर उत्तम. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. भूल द्यावी लागण्याची शक्यता आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही भरवू नका. आणि कुणीतरी हेही सांगायला हवं की पाय मोडला म्हणजे मांजर संपलं असं नाही. बरीच हाडं शस्त्रक्रियेने किंवा काही आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने जुळतात, आणि पाय काढावा लागला तरी बहुतेक मांजरं तीन पायांवर छान जगतात, पुन्हा खेळतात. ही माहिती वेळेवर मिळाली नाही म्हणून, "आता याचं काय करायचं" असं म्हणत सोडून दिलेली मांजरं मला माहीत आहेत.

खर्चाचा प्रश्न निघणार, तर त्याबद्दल. नव्या इमारती नकोत. खात्यातल्या पशुवैद्यांची पाळी लावता येईल, खासगी डॉक्टरांनाही मानधनावर जोडता येईल. मात्र दिवसभर काम केलेल्या माणसाच्या गळ्यात रात्रीचा फोन फुकटात बांधू नका. पाळीचा स्वतंत्र मोबदला द्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. फोनवर बसणाऱ्यांना मांजरांचं वेगळं प्रशिक्षण द्या, कारण गाईगुरांवर हात बसलेल्या डॉक्टरलाही मांजराची औषधं आणि मात्रा नव्याने शिकाव्या लागतात. रात्रीच्या दवाखान्यात एक्स-रे आणि प्राणवायू असावा. ब्युप्रेनॉर्फिनसारखी वेदनाशामकं अफूवर्गीय असल्याने त्यांच्यावर कायद्याचं नियंत्रण असतं. ते असावंच, पण परवान्याच्या कागदात अडकून कपाट रिकामं राहणार नाही, हे आपल्या खात्याने पाहावं.

"आधी गाय, मग मांजर" असं कुणी म्हणेल. हा क्रमांक दोघींसाठी आहे. अडलेल्या गाईचा मालक आणि पोट फुगलेल्या शेळीची मालकीण रात्री तोच क्रमांक लावतील. मांजराचं नाव मी घेते आहे, कारण सरकारी पशुसेवेच्या यादीत ते सगळ्यात शेवटी येतं, आलंच तर.

हा क्रमांक कोणत्या तारखेपासून सुरू होईल आणि रात्रीच्या दवाखान्यांसाठी कोणती ठिकाणं निवडली जातील, हे आपण जाहीर करावं. उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक मांजरपालक